हौशी पॅकेट रेडिओ : शेजाऱ्याला शेजारी जोडणारे जाळे

बोलण्याऐवजी मजकूर आणि तारेऐवजी रेडिओलहरी, ही पॅकेट रेडिओची सर्वांत सोपी ओळख. हौशी रेडिओचालक, म्हणजेच ‘हॅम’, आपल्या संगणकावरील मजकुराचे लहान लहान तुकडे करतात, प्रत्येक तुकड्यावर पाठवणाऱ्याचे आणि घेणाऱ्याचे नाव घालतात आणि ते रेडिओ संचातून प्रक्षेपित करतात. पलीकडचा संगणक तुकडा तपासतो. तो शाबूत असेल तर पोच देतो. बिघडलेला असेल तर गप्प राहतो आणि ठरावीक वेळ वाट पाहून तोच तुकडा पुन्हा पाठवला जातो. या तुकड्याला पॅकेट म्हणतात. स्वतःसाठी आलेली पॅकेटे ठेवून घेणारे आणि दुसऱ्यांची पुढे धाडणारे केंद्र म्हणजे ‘नोड’. एका नोडला ज्याचे प्रक्षेपण थेट ऐकू येते तो त्याचा शेजारी. मग तो पलीकडच्या गल्लीत असो की २० किलोमीटरवरच्या गावात.

मोबाइलच्या जमान्यात हा खटाटोप कशाला, हा प्रश्न साहजिक आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये ‘हेलेन’ चक्रीवादळाने अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलिना राज्याचा पश्चिमेकडील डोंगराळ भाग उद्ध्वस्त केला, तेव्हा रस्ते, वीज, मोबाइल आणि इंटरनेट एकाच वेळी बंद पडले. त्या दिवसांत माउंट मिचेल शिखरावरचा हौशी रेडिओचा रिपीटर १४५.१९० मेगाहर्ट्झवर चालू राहिला आणि कोण सुखरूप आहे, कोठे औषध हवे, कोणता पूल वाहून गेला हे त्यावरून कळत राहिले. मात्र हे सारे तोंडी होते. तोंडी संदेशवहनात एका वेळी एकच जण बोलू शकतो. चाळीस माणसांची नावे, पत्ते आणि औषधांची मात्रा आवाजावर उतरवून घ्यायची तर वेळ जातो आणि चुका राहतात. ‘वाचवा’ ही हाक देण्यासाठी आवाजासारखे साधन नाही; पण यादी पाठवायची असेल तर पॅकेटच बरे, कारण तेथे अक्षर चुकले तर यंत्रालाच ते कळते.

आरंभ

रेडिओवरून पॅकेटे पाठवण्याची कल्पना हौशी मंडळींची नव्हे. हवाई विद्यापीठात नॉर्मन अब्रॅमसन यांच्या नेतृत्वाखाली १९७१ मध्ये ‘अलोहानेट’ सुरू झाले आणि बेटांवरील संगणक-टर्मिनले रेडिओने जोडली गेली. हौशी क्षेत्रातील पहिली पॅकेटे कॅनडात, माँट्रियल येथे, १९७८ साली पाठवली गेली. त्यानंतर व्हँकुव्हरच्या गटाने त्यासाठी लागणारी छोटी पेटी तयार केली. रेडिओ आणि संगणक यांच्यामध्ये बसणाऱ्या या पेटीला ‘टर्मिनल नोड कंट्रोलर’ म्हणतात. हॅम तिला ‘टीएनसी’ म्हणूनच ओळखतात. अमेरिकेत १९८० साली परवानगी मिळाली आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात सॅन फ्रान्सिस्को परिसरात पॅकेटे पुढे धाडणारे पहिले केंद्र उभे राहिले. ॲरिझोनातील टूसॉन येथील हौशी गटाने टीएनसीचे संच जुळणीसाठी घरोघर पोचवले आणि पुढच्या काही वर्षांत हा छंद जगभर पसरला.

१९८४ साली ‘एएक्स-२५’ या नावाने पॅकेटाची रचना निश्चित झाली. टेलिफोन कंपन्यांच्या ‘एक्स-२५’ पद्धतीचे हे हौशी रूप. मुख्य फरक पत्त्याचा. टेलिफोनच्या जाळ्यात आकडे होते; येथे पाठवणाऱ्याची आणि घेणाऱ्याची कॉलसाइन हाच पत्ता ठरला. हौशी रेडिओत प्रक्षेपण करणाऱ्याने स्वतःची ओळख देत राहणे बंधनकारक असते, ती अट अशा रीतीने प्रत्येक पॅकेटातच पाळली गेली. कॉलसाइनपुढे ० ते १५ असा जोडक्रमांक घालता येतो, त्यामुळे एकाच परवानाधारकाचा नोड, टपालपेटी आणि घरचा संगणक वेगवेगळ्या पत्त्यांवर राहू शकतात. एका पॅकेटात साधारणपणे जास्तीत जास्त २५६ बाइट मजकूर मावतो.

याच सुमारास, १९८१ साली, हौशी रेडिओसाठी ४४ या आकड्याने सुरू होणारे इंटरनेटचे सगळे पत्ते, म्हणजे जवळपास १ कोटी ६८ लाख, मिळवून ठेवले गेले. पुढे त्यांना सोन्याचे मोल येईल असे तेव्हा कोणाच्या ध्यानीमनीही नव्हते. २०१९ साली त्यांतील एक चतुर्थांश पत्ते ॲमेझॉन कंपनीला दहा कोटी डॉलरहून अधिक रकमेला विकले गेले. त्या पैशातून आता हौशी डिजिटल संदेशवहनाच्या प्रकल्पांना अनुदाने दिली जातात.

गर्दीचे गणित

पॅकेट रेडिओ इंटरनेटने मारला, असे सर्रास म्हटले जाते. ते अर्धेच खरे आहे. जाळे ज्या रीतीने वाढवले गेले, तिच्यातच दुखणे होते.

सुरुवातीला एका शहरातले सगळे हॅम एकाच वारंवारतेवर काम करत. कोणी प्रक्षेपण करत असेल तर थांबायचे, वाहिनी मोकळी झाली की आपले पॅकेट सोडायचे, असा सभ्य नियम होता. पण हा नियम पाळायला दुसऱ्याचे बोलणे ऐकू यावे लागते. टेकडीच्या अलीकडे एक केंद्र, पलीकडे दुसरे आणि माथ्यावर तिसरे अशी कल्पना करावी. माथ्यावरच्याला दोघेही ऐकू येतात. पण खालच्या दोघांना एकमेकांचा पत्ताच नसतो. दोघेही वाहिनी मोकळी समजून एकाच वेळी पाठवतात आणि माथ्यावर दोन्ही पॅकेटांची टक्कर होते. पोच न मिळाल्याने दोघेही पुन्हा पाठवतात, गर्दी वाढते, आणखी टकरी होतात. कोणीच कोणाचे ऐकत नसेल तर वाहिनीच्या क्षमतेपैकी जास्तीत जास्त १८ टक्केच उपयोगी पडते, हे अलोहानेटच्या अभ्यासातून तेव्हाही माहीत होते. डोंगरमाथ्यावर उंच अँटेना लावून सगळ्या जिल्ह्याला एका वाहिनीवर आणण्याचा उत्साह जितका अधिक, तितकी ही स्थिती जवळ येई.

दुसरी अडचण लांबच्या मजलेची. आरंभीची पुढे धाडणारी केंद्रे, म्हणजे ‘डिजिपीटर’, पॅकेट ऐकून जसेच्या तसे पुन्हा उच्चारत. पोच देण्याचे काम फक्त शेवटच्या टोकाचे. प्रत्येक टप्प्यावर १०० पैकी ८० पॅकेटे नीट जातात असे धरले, तर चार टप्प्यांनंतर ४१ उरतात. पोचही त्याच वाटेने परत यायची, म्हणजे पूर्ण फेरी जेमतेम १७ वेळा यशस्वी होते. एकेक टप्पा पाहिला तर फारसा वाईट नाही, पण वाट मात्र निरुपयोगी.

यावर उपाय निघाला तो नोडचा. १९८७ साली आलेल्या ‘नेट-रॉम’ या प्रणालीत प्रत्येक टप्प्यावर स्वतंत्र पोच घेतली जाऊ लागली. पहिल्या नोडने दुसऱ्याच्या हाती पॅकेट सोपवले, पोच घेतली की त्या टप्प्यापुरते त्याचे काम संपले. मधे काही हरवले तर तेवढ्याच टप्प्यावर ते पुन्हा पाठवायचे. कोणता नोड कोठून गाठता येतो याची यादीही नोड आपसांत वाटून घेऊ लागले. नेमक्या याच काळात फिल कार्न यांनी इंटरनेटची टीसीपी-आयपी पद्धत घरगुती संगणकांवर आणि हौशी रेडिओवर उतरवली. १९९०च्या दशकाच्या पूर्वार्धात पॅकेटवरील टपालपेट्या भरून वाहत होत्या. पण नोडांनाही बहुधा एकाच सामायिक वारंवारतेवर बसवले गेले, त्यामुळे टकरीचा रोग तसाच राहिला. मग घरात स्वस्त इंटरनेट आले तेव्हा मंद आणि अडखळणारे जाळे सोडून जायला लोकांना फारसे वाईट वाटले नाही. उरलेल्या नोडांपैकी अनेकांनी दूरचे दुवे इंटरनेटवरून जोडून घेतले. सोय झाली; पण इंटरनेट बंद पडल्यावर उपयोगी पडावे म्हणून उभारलेले जाळे इंटरनेटवरच उभे राहिले, यातील विसंगती कोणाच्याही लक्षात यावी.

रॅलेचा धडा

हेलेनने झोडपलेल्या त्याच राज्याच्या मध्य भागात, राजधानी रॅलेच्या परिसरात, हौशी मंडळींच्या एका गटाने हे दुखणे मुळापासून काढायचे ठरवले. ‘टार्पन’ या संक्षिप्त नावाने ओळखल्या जाणाऱ्या या जाळ्याचे तत्त्व एका वाक्यात सांगता येते : प्रत्येक दुवा फक्त दोन शेजाऱ्यांचा, आणि त्या दुव्याला स्वतःचा रेडिओ, स्वतःचा अँटेना आणि परिसरात इतर कोणी न वापरणारी वारंवारता. ज्याला तीन शेजारी आहेत त्याच्याकडे तीन रेडिओ. वाहिनीवर दोघेच असल्याने लपलेला तिसरा उरतच नाही. दूरच्या दुव्यांसाठी इंटरनेट वापरायचे नाही, हा नियम.

हे वाचताना खर्चिक वाटते आणि थोडे आहेही. पण तीस वर्षांपूर्वीच्या तुलनेत सामग्री बदलली आहे. संगणकाचे काम रास्पबेरी पाय हा पत्त्याच्या कॅटएवढा संगणक करतो. त्यावर चालणारी ‘बीपीक्यू’ ही नोडप्रणाली ब्रिटनमधील एका हॅमने अनेक वर्षे विकसित केलेली असून ती मोफत मिळते. टीएनसीसाठी ‘निनो-टीएनसी’ हा घरी डाग देऊन जुळवायचा छोटा फलक आहे. त्यावरील चार कळींनी वेग आणि पद्धत निवडता येते. त्याच्यासोबत आलेली ‘आयएल-२-पी’ ही पॅकेटरचना चूकदुरुस्तीची माहिती मजकुराबरोबरच पाठवते, त्यामुळे काही बाइट बिघडले तरी पॅकेट टाकून द्यावे लागत नाही. जुन्या एएक्स-२५ मध्ये एक बिट चुकला तरी सगळे पॅकेट बाद होत असे. कमकुवत दुव्यांवर हा फरक प्रकर्षाने जाणवतो. ज्याला फलकही नको त्याने ‘डायरवुल्फ’ ही प्रणाली वापरावी. ती संगणकाच्या साउंड कार्डालाच मोडेम बनवते. ब्रिटनमध्येही अलीकडच्या काही वर्षांत याच साधनांवर पॅकेटच्या जाळ्यांनी पुन्हा मूळ धरले आहे.

पहिला दुवा

काम सुरू होते ते शेजारी शोधण्यापासून, आणि तेच सर्वांत अवघड आहे. यंत्रे विकत मिळतात. वर्षभर रेडिओ चालू ठेवायला तयार असलेला परवानाधारक शेजारी विकत मिळत नाही.

शेजारी मिळाला की पहिला प्रश्न मार्गाचा. रेडिओलहरी पृथ्वीच्या वक्रतेमागे थोड्याशाच वळतात. दोन्ही अँटेनांच्या उंचीची मीटरमधील वर्गमुळे घ्यावीत, त्यांची बेरीज ४.१२ ने गुणावी, म्हणजे सपाट मुलखातील रेडिओक्षितिजाचे अंतर किलोमीटरमध्ये मिळते. दोन्हीकडे १० मीटर उंची असेल तर ते सुमारे २६ किलोमीटर येते. मात्र नजरेची रेषा मोकळी असणे पुरेसे नाही. लहरींना त्या रेषेभोवती जागा लागते. १४५ मेगाहर्ट्झवर २० किलोमीटरच्या मार्गाच्या मध्यावर ही जागा रेषेच्या सर्व बाजूंना सुमारे १०० मीटर भरते. इतके मोकळे आकाश क्वचितच मिळते, त्यामुळे प्रत्यक्ष दुवा हिशेबापेक्षा नेहमी कमजोर निघतो. म्हणूनच सर्व दिशांना ऐकणाऱ्या उभ्या काठीपेक्षा शेजाऱ्याच्या दिशेने रोखलेला यागी अँटेना बरा. तो हव्या त्या दिशेला जोर देतो आणि नको त्या दिशेचा गोंगाट कमी ऐकतो. त्याचे दांडे दोन्ही टोकांना एकाच पद्धतीने, उभे तरी किंवा आडवे तरी, असले पाहिजेत. एक उभा आणि एक आडवा असेल तर संकेताची ताकद सुमारे शंभरपटीने घटू शकते. हे फोनवर एका वाक्यात ठरते, पण न ठरवल्यास आठवडा वाया जातो.

रेडिओ संच जुना असला तरी चालतो, मात्र त्याला मागे डेटाचे सॉकेट असावे. १,२०० बिट प्रतिसेकंद या मूळ वेगात ० आणि १ यांच्यासाठी १,२०० व २,२०० हर्ट्झ असे दोन सूर वापरतात. बोलण्याचे रेडिओ प्रक्षेपण करताना उंच सूर मुद्दाम वाढवतात आणि ऐकताना तितकेच दाबतात. त्यामुळे एकाने सूर माइकच्या सॉकेटातून घातले आणि दुसऱ्याने ते दाबण्याच्या आधीच्या टप्प्यातून काढून घेतले, तर वरचा सूर सुमारे ५ डेसिबलने मोठा येतो आणि मोडेम गोंधळतो. दोघांनीही एकच पद्धत वापरायची हे आधी ठरवावे. आवाजाची पातळी हा दुसरा सापळा. संकेत जोरकस जावा म्हणून पातळी वाढवली की सूर फाटतात. रेडिओवर ऐकताना सारे छान वाटते, मीटरचा काटा टोकाला जातो, पण एकही पॅकेट उलगडत नाही. नव्या दुव्यांतील निम्म्याहून अधिक तक्रारी इथेच मिटाव्यात. ९,६०० बिटांचा वेग हवा असेल तर ध्वनीचे सगळे गाळणीमंडल टाळून थेट जोडणी लागते आणि ती सोय प्रत्येक संचात नसते.

प्रक्षेपणाची कळ दाबल्यापासून रेडिओ पूर्ण जोमात येईपर्यंत काही क्षण जातात. तेवढा वेळ मोडेम नुसतेच भरीचे संकेत पाठवतो. हा विलंब बहुतेक प्रणालींत दहा-दहा मिलिसेकंदांच्या पटीत लिहायचा असतो. ३० लिहिले म्हणजे ०.३ सेकंद. १२८ बाइटांच्या मजकुराला १,२०० च्या वेगाने ०.८५ सेकंद लागतो, हे पाहता हा विलंब किरकोळ नव्हे. नवा रेडिओ जलद पकड घेत असेल तर तो टप्प्याटप्प्याने कमी करावा आणि पुनःप्रक्षेपणे वाढू लागली की एक पायरी मागे यावे.

एकाच खांबावर तीन रेडिओ आले की नवी कटकट उभी राहते. एक संच १४५ मेगाहर्ट्झवर २५ वॉट सोडत असताना शेजारच्या अँटेनाने १४४.५ वर कुजबूज ऐकायची, हे जवळजवळ अशक्य. अमेरिकेत १४४, २२२ आणि ४४० मेगाहर्ट्झच्या आसपासचे तीन वेगळे पट्टे हौशींना आहेत, त्यामुळे तेथे प्रत्येक दुव्याला वेगळा पट्टा देता येतो. तसे शक्य नसेल तेथे अँटेना खांबावर एकाखाली एक, शक्य तितक्या अंतरावर लावणे आणि शक्ती उतरवणे हाच मार्ग. शक्ती कमी ठेवण्याचे आणखी एक कारण आहे : बोलण्याचे संच सतत प्रक्षेपणासाठी बनवलेले नसतात आणि पॅकेटच्या रहदारीत ते तापतात.

दोन शेजाऱ्यांचा दुवा जुळल्यावर आठ-दहा दिवस तो नुसता चालू ठेवून पुनःप्रक्षेपणांची मोजदाद करावी. पहाटे, दुपारी, पावसात, शेजारच्या झाडाला पालवी फुटल्यावर दुवा सारखा राहत नाही. १०० पॅकेटांमागे पाच-सात पुन्हा पाठवावी लागत असतील तर दुवा उत्तम. तीस लागत असतील तर तिसरा शेजारी जोडण्याआधी अँटेनाकडे पाहावे.

कोणाच्या शब्दावर विश्वास?

तिसरा नोड जोडला की जाळे सुरू होते आणि यादीचा प्रश्न येतो. नेट-रॉम पद्धतीत प्रत्येक नोड ठरावीक काळाने, बहुधा तासाला एकदा, आपल्याला माहीत असलेल्या नोडांची यादी जाहीर करतो. प्रत्येक नावापुढे ० ते २५५ असा गुण असतो. शेजाऱ्याच्या दुव्याला आपण १९२ गुण दिले आणि त्याने पलीकडच्या नोडला १९२ सांगितले, तर दोहोंचा गुणाकार करून २५६ ने भागायचे : आपल्यासाठी तो नोड १४४ चा. त्याच्या पलीकडचा १०८, त्यापुढचा ८१. ठरवलेल्या किमान गुणाखाली गेलेले नाव यादीत घेतले जात नाही. दूरची वाट अशी आपोआप फिकी पडत जाते.

ही युक्ती सुबक आहे, पण भोळी. एखाद्या रात्री हवेच्या थरांतील तापमान उलटे होते आणि एरवी कधीही ऐकू न येणारा दोनशे किलोमीटरवरचा नोड स्पष्ट ऐकू येतो. आपला नोड त्याला शेजारी समजतो, त्याची यादी खरी मानतो आणि सकाळी हवा पूर्ववत झाली तरी पॅकेटे त्याच दिशेला धाडत राहतो. जुनी नोंद पुसली जाईपर्यंत तासन् तास टपाल शून्यात जाते. १९९० च्या दशकातील पुष्कळ नोडांच्या लांबलचक याद्यांत अशी भुते असत. यादी जितकी मोठी, तितका चालकाला अभिमान, आणि त्यातील निम्म्या ठिकाणी पॅकेट पोचतच नसे. जाणकार चालक म्हणून शेजाऱ्यांची नावे, वाहिनी आणि गुण हाताने लिहून कुलूपबंद करतात आणि अनोळखी नोडने आपल्याला शेजारी म्हणवून घेतले तरी त्याला शून्य गुण देतात. गुण दोन्ही बाजूंनी सारखे ठरवावेत, नाहीतर जाताना एक वाट आणि येताना दुसरी असा प्रकार होतो. वारंवारता, वेग, गुण, नोडचे सहा अक्षरांपर्यंतचे टोपणनाव, हे सगळे दोन माणसांनी बसून ठरवायचे असते.

विजेचाही हिशेब त्याच बैठकीत व्हावा. तीन रेडिओ नुसते ऐकत असताना प्रत्येकी ०.४ अँपिअर घेतात आणि छोटा संगणक १२ व्होल्टच्या बाजूने ०.३ घेतो असे धरले, तर एकूण दीड अँपिअर होतात. म्हणजे दिवसाला ३६ अँपिअर-तास, प्रक्षेपण वेगळे. १०० अँपिअर-तासांची शिशाची बॅटरी निम्म्याखाली उतरवायची नसेल तर ती सव्वा दिवस पुरते. तीन दिवसांच्या अंधाराची तयारी करायची तर मोठी बॅटरी किंवा सौर पत्रा लागतो. साखळीतील एका घरात बॅटरी नसेल तर तिच्या दोन्ही बाजूंच्या घरांतील बॅटऱ्यांचा उपयोग निम्मा होतो. म्हणून जाळे सरळ साखळीऐवजी वळशाचे, प्रत्येकाला किमान दोन शेजारी देणारे असावे.

मराठी मजकूर आणि भारतातील नियम

देवनागरी पॅकेटातून जाते का? जाते. एएक्स-२५ ला मजकुराच्या भाषेशी कर्तव्य नाही. आठ बिटांचा कोणताही बाइट ती वाहून नेते. पण युनिकोडच्या प्रचलित यूटीएफ-८ मांडणीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते आणि येथे काना, मात्रा, अनुस्वार, हलन्त ही प्रत्येक स्वतंत्र चिन्हे मोजली जातात. रोमन लिपीतील १६० चिन्हांचा संदेश १,२०० च्या वेगाने एका सेकंदाच्या थोडा वर जातो. देवनागरीतील तितक्याच चिन्हांना ४८० बाइट, म्हणजे दोन पॅकेटे आणि ३.२ सेकंद लागतात. पॅकेटाची हद्द चिन्हाच्या मध्येच पडली तर काही जुन्या टर्मिनल-प्रणाली तेथे चौकोन दाखवतात. मजकूर हरवत नाही, पुढचे पॅकेट नीट जोडणारी प्रणाली तेवढी हवी. दोन गावांच्या संदेशवहनाला हा वेग पुरतो. छायाचित्रे पाठवण्याचा मोह मात्र टाळावा.

भारतात हौशी रेडिओचा परवाना केंद्र सरकारच्या दूरसंचार विभागाची बिनतारी नियोजन व समन्वय शाखा देते. त्यासाठी परीक्षा द्यावी लागते. रिस्ट्रिक्टेड आणि जनरल असे दोन दर्जे असून वयाची किमान अट १२ वर्षे आहे. अतिउच्च वारंवारतेत १४४ ते १४६ मेगाहर्ट्झ आणि त्यावर ४३४ ते ४३८ मेगाहर्ट्झ हे पट्टे हौशींना उपलब्ध आहेत. अमेरिकेतील २२२ चा पट्टा येथे नाही, त्यामुळे रॅलेची तीन पट्ट्यांची मांडणी जशीच्या तशी उचलता येणार नाही. एका नोडवर दोन दुवे, एक १४५ च्या आसपास आणि एक ४३५ च्या आसपास, हीच येथील स्वाभाविक सुरुवात. आपल्या दर्जाला कोणत्या पट्ट्यात किती शक्ती आणि कोणत्या प्रकारचे प्रक्षेपण करता येते, तसेच चालक समोर नसताना केंद्र चालू ठेवण्यासाठी काय अटी आहेत, हे परवान्यावरून आधी पाहून घ्यावे. व्यापारी संदेश पाठवता येत नाहीत. मजकूर गुप्त लिपीत झाकता येत नाही. पॅकेटातील प्रत्येक शब्द ज्याच्याकडे रेडिओ आहे त्याला वाचता येतो. मदतकार्यातील रुग्णांची माहिती पाठवताना हे विसरून चालत नाही.

१९९३ च्या किल्लारी भूकंपात, २००१ च्या भूज भूकंपात आणि २००४ च्या त्सुनामीत अंदमानात भारतीय हॅमनी केलेले काम सर्वपरिचित आहे. ते प्रामुख्याने आवाजाचे होते आणि दुर्घटना घडल्यावर संच घेऊन धावलेल्या माणसांचे होते. नोडांचे जाळे असे धावत जाऊन उभे करता येत नाही. अँटेनाचे खांब, ठरलेल्या वारंवारता आणि तपासलेले दुवे आधी असावे लागतात.

महाराष्ट्राच्या भूगोलात एक अडचण आणि एक सोय आहे. सह्याद्रीची भिंत कोकण आणि देश यांच्यातील थेट मार्ग अडवते. घाटाखालच्या गावातून घाटावरच्या गावाला २० किलोमीटरवरही ऐकू न जाणे शक्य आहे. पण घाटमाथ्यावरच्या एका घरात दोन रेडिओ आणि दोन विरुद्ध दिशांना रोखलेले यागी असतील, तर तोच अडथळा दोन्ही बाजूंना पाहणारा मनोरा होतो. अशा जागी सर्वांसाठी एकच वारंवारता ठेवण्याचा मोह सर्वाधिक असतो आणि टेकडीच्या दोन बाजूंचे गणित तेथेच लागू पडते.

ज्याला अजून शेजारी सापडलेला नाही, त्यालाही हात बांधून बसायची गरज नाही. आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकावरील हौशी केंद्र जेव्हा पॅकेटवर चालू असते, तेव्हा ते १४५.८२५ मेगाहर्ट्झवर १,२०० च्या वेगाने ऐकू येते. स्थानक डोक्यावरून जाताना साधी उभी काठी, रेडिओ आणि संगणकावरील डायरवुल्फ एवढ्या सामग्रीवर पॅकेटे उलगडून पाहता येतात. ग्रहण करणारी आपली बाजू, म्हणजे केबल, पातळी आणि मोडेम, नीट बसली आहे की नाही हे त्या सात-आठ मिनिटांत कळते.